वेगालाही वृत्त हवे

आमचे रामाकोना हे वाटेवरचे गाव. नागपुराहून सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता येथूनच पुढे जातो आणि सिल्लेवानीच्या घाटाने सातपुड्याचे पठार चढतो. वाटेवरच्या गावाला वाहनांची पारख न शिकविता येते. संत्र्यांनी लादलेली पिकअप कोणती, एस. टी. कोणती आणि घाट चढून दमलेला ट्रक कोणता, हे घरात बसून नुसत्या आवाजावरून सांगणारी म्हातारी माणसे येथे आहेत. अलीकडे या आवाजांत एका नव्या आवाजाची भर पडली आहे. छोटीशीच मोटार, परंतु गुरगुरणे वाघाचे. आणि वेग कमी करताना मागच्या नळीतून लवंगी फटाक्यांची माळ फुटावी तसा तडतडाट. म्हातारी माणसे दचकतात, गुरे बिथरतात आणि शाळेतली मुले खिडकीकडे धावतात. या तिन्ही गोष्टींपैकी आम्हांस चिंता तिसरीची वाटते. कारण दचकणे क्षणाचे असते, आकर्षण मात्र टिकते.

या विषयावर लिहावे, असे एका पालक-वाचकांनी सुचविले आहे. त्यांचे चिरंजीव पुण्यास नोकरीस आहेत. त्यांनी जपानी घराण्याची, टर्बो बसविलेली लहान मोटार घेतली असून आता तिची ताकद वाढवून घेण्याचा त्यांचा मानस आहे. ‘कायद्यात हे बसते काय?’ एवढाच वडिलांचा प्रश्न. प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याच्या पोटात यंत्र, कायदा आणि तारुण्य अशा तीन गोष्टी दडलेल्या आहेत. आम्ही भाषेचे विद्यार्थी, यंत्राचे नव्हे. तथापि आमच्या वर्गातून गेलेली काही मुले आज गॅरेज चालवितात, आणि वर्गात जे त्यांनी आमच्याकडून निमूटपणे ऐकले त्याची परतफेड ती आता आम्हांस इंजिन समजावून सांगून करीत असतात.

प्रथम हे टर्बो प्रकरण काय आहे ते पाहू. ज्याने लोहाराचा भाता पाहिला आहे त्याला टर्बो अर्धा समजला. कोळसा तोच, भट्टी तीच. भात्याने वारा घातला की लोखंड लाल होते. इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो पेट्रोल पुरतेपणी जाळावयास सुमारे 14.7 किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाची खरी भूक पेट्रोलाची नसून हवेची आहे. साधे इंजिन आपल्या श्वासाने जेवढी हवा ओढील तेवढ्यावर भागविते. टर्बोत एक लहानसे चक्र असते. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर त्यास फिरवितो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकास बसविलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हा भाता मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला थंड करणारी जाळी असते. आणि दाब प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून कुकरच्या शिटीप्रमाणे जादा धूर बाजूने सोडून देणारी झडप असते. जो धूर वाया जावयाचा त्याच्याकडूनच काम करून घेण्याची ही युक्ती. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली तिचे एकस्व घेतले.

युक्ती स्विस असली तरी आजच्या तरुणांच्या मनात टर्बो आणि जपान हे दोन शब्द जुळ्यांसारखे नांदतात. त्यामागचे कारण मोठे बोधप्रद आहे. जपानात मोटारीचे वर्ग आणि कर इंजिनाच्या आकारमानावर ठरत. 2000 घन सेंटिमीटरची रेषा ओलांडली की मोटार वरच्या वर्गात जाई आणि मालकाच्या खिशास चिमटा बसे. तेव्हा इंजिन मोठे न करता त्याचा दम कसा वाढवावा, हा प्रश्न तेथील अभियंत्यांपुढे उभा राहिला. 1979 साली निसानने आपल्या सेड्रिक व ग्लोरिया या मोटारींत दोन लिटरच्या इंजिनास टर्बो जोडला. जपानातील टर्बो मोटारींच्या उत्पादनाचा आरंभ तो हाच. पुढे दहाच वर्षांत, 1989 साली, त्याच निसानची स्कायलाइन जीटी-आर आली. इंजिन 2.6 लिटरचे, सहा सिलिंडरांचे, आणि टर्बो एक सोडून दोन. मित्सुबिशीची लॅन्सर इव्होल्यूशन, सुबारूची इम्प्रेझा, टोयोटाची सुप्रा ही नावे त्यानंतर जगभरच्या तरुणांच्या तोंडी झाली.

येथे आणखी एक नवल घडले. ताकदीची ही चढाओढ कोठे जाऊन थांबणार, या चिंतेने जपानी कारखानदारांनी आपसांत एक अलिखित करार केला की, देशात विकावयाच्या मोटारीची ताकद 280 अश्वशक्तीपलीकडे सांगावयाची नाही. 1989 च्या सुमारास पडलेला हा पायंडा 2004 पर्यंत टिकला. काही मोटारींची खरी ताकद या आकड्याहून अधिक होती, हे उघड गुपित होते. तरीही त्या आकड्याने एक काम केले. ताकदीची बढाई मारता येईना, तेव्हा मोटार वळणावर कशी वागते, ब्रेक किती खात्रीने लागतो, चारही चाकांत जोर कसा वाटला जातो, यावर अभियंत्यांनी बुद्धी खर्च केली. ज्या मोटारींची आजचे तरुण पूजा बांधतात त्यांपैकी पुष्कळशा अशा कुंपणाच्या आत घडल्या.

आपल्याकडेही हाच इतिहास लहान प्रमाणात घडला. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 घन सेंटिमीटरच्या आत असेल तर मोटारीवर कमी कर, असे धोरण आपल्या सरकारने आखले. वस्तू व सेवा कराच्या सप्टेंबर 2025 मधील फेररचनेतही ही रेषा कायम राहिली. तेव्हा आपल्या बाजारातही लहान इंजिनाला भाता जोडण्याचा मार्ग निघाला. मारुती सुझुकीने 2017 साली बलेनो आरएस नावाची मोटार आणली. तीन सिलिंडरांचे, एक लिटरहून किंचित कमी आकाराचे इंजिन आणि त्यास टर्बो. ती काही वर्षांत बंद झाली, परंतु त्याच जातीचे इंजिन 2023 साली आलेल्या फ्राँक्समध्ये पुन्हा अवतरले. सारांश, टर्बो हे नियम मोडून जन्मलेले अपत्य नव्हे. ते नियमाच्याच पोटी जन्मले आहे.

मराठीच्या अध्यापकास येथे वृत्ताची आठवण झाली तर वाचकांनी क्षमा करावी. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत एकोणीसच अक्षरे मावतात. विसावे घातले की वृत्त मोडते. मोरोपंतांनी आयुष्यभर आर्येच्या मात्रा मोजल्या, म्हणून त्यांची प्रतिभा खुंटली असे कोणी म्हणत नाही. बंधन असले की कसब आत वळते आणि खोल जाते. यंत्राच्या बाबतीत हे कवितेहूनही अधिक खरे आहे, कारण कवितेचे वृत्त मोडले तर कान दुखतो. मोटारीचे मोडले तर हाड मोडते.

आता चिरंजीवांच्या मनातील बेत. हल्लीच्या मोटारीत इंजिनाचा कारभार एक संगणक पाहतो. किती हवा, किती पेट्रोल, ठिणगी केव्हा, भात्याचा दाब किती, हे सारे त्याच्या कोष्टकांत लिहिलेले असते. ती कोष्टके बदलून दाब वाढविणे यास ‘रिमॅप’ म्हणतात. पाना-पेचकसास हात न लावता तासा-दोन तासांत मोटारीची ताकद वाढते, हे खरे आहे आणि मोह पडावा असेच आहे. परंतु कारखान्याने ती कोष्टके आळसाने लिहिलेली नसतात. मे महिन्यातील नागपूरचे ऊन, कोठल्याशा पंपावरचे हलके पेट्रोल, घाटात पूर्ण भरलेली मोटार, आणि पुढे दहा-पंधरा वर्षांची झीज, एवढ्या सगळ्यांसाठी त्यांत हात राखून ठेवलेला असतो. रिमॅप करणारा नेमका तो राखलेला हात खर्चून टाकतो. दाब वाढला की उष्णता वाढते, वेळेपूर्वी पेट घेऊन इंजिन आतून ठोकू लागते, क्लच घसरतो, गिअरपेटीवर नेमल्यापेक्षा अधिक भार येतो. शिवाय ब्रेक आणि टायर तर जुन्याच ताकदीच्या हिशेबाचे असतात. शाळेत शिकविलेले गणित असे की, वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. 60 चा वेग 120 झाला तर ब्रेकांना चौपट काम करावे लागते. आमच्या एका गॅरेजवाल्या विद्यार्थ्याचे म्हणणे आम्हांस पटते : ‘सर, पोरे धावण्याचे पैसे देतात; थांबण्याचे पैसे कोणी देत नाही.’

कायद्याचे म्हणणे याहून रोखठोक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 याचे कलम 52 सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रात जे तपशील आहेत ते निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी केरळातील एका प्रकरणात निकाल देताना हा अर्थ निःसंदिग्ध केला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘प्रत्येक फेरफारामागे’ हे शब्द तरुणांनी अधोरेखित करावे. धूर व आवाज यांची मर्यादा ओलांडून सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविल्यास पहिल्याच गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, आणि शिवाय तीन महिने परवाना गमावणे. रस्त्यावर शर्यत लावल्यास त्याची शिक्षा निराळी. आवाजासाठी बदललेले सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वाचकांनी वृत्तपत्रांत पाहिली असतीलच.

मग करता येते तरी काय? तेही सांगितले पाहिजे, कारण नुसत्या ‘नको’ने तरुण मन वळत नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजी संच बसवून त्याची नोंद करून घेता येते. इंजिन निकामी झाल्यास परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन घालता येते. अपंग व्यक्तीस चालविता यावे म्हणून वाहनात बदल करण्यास कायद्याने वाट दिली आहे, आणि आमच्या मते फेरफाराचा सर्वांत सुंदर उपयोग तो हाच. रंग बदलला तर नोंदणी पुस्तकात तशी नोंद करावी. टायर निर्मात्याने त्या मोटारीसाठी सांगितलेल्या मापांतलेच, पण उत्तम प्रतीचे घालावेत. ब्रेकचे पॅड, ब्रेकचे तेल, बैठका, आतील सजावट यांत हौसेस पुष्कळ वाव आहे. काचांच्या बाबतीत मात्र पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. काळ्या पडद्यांवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच बोट ठेवले आहे. अनेक सुरांचे भोंगे, समोरच्याचे डोळे दिपविणारे दिवे, पुढे लावलेले लोखंडी कठडे आणि धूर शुद्ध करणारे पात्र काढून बसविलेली मोकळी नळी, ही सारी निषिद्धांच्या यादीत आहेत.

दंडाहूनही मोठी गोष्ट विम्याची आहे. विमा कंपनीने मोटार पाहून हप्ता ठरविलेला असतो. तिच्या नकळत मोटारच बदलली तर अपघातानंतर नुकसानीचा दावा अडू शकतो, आणि ज्याला धडक बसली त्याच्या कुटुंबास द्यावयाच्या भरपाईचा भार शेवटी मालकावर उलटू शकतो. फेरफारास लागलेले पैसे मोजले जातात, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

आणि ज्याला धडक बसते तो कोण असतो? 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर भागात एका भरधाव महागड्या मोटारीने दुचाकीवरील दोघा तरुण अभियंत्यांचा प्राण घेतला. मोटार एक अल्पवयीन मुलगा चालवीत होता असा आरोप आहे. दोघेही बळी आपल्या मध्य प्रदेशातले. नोकरीसाठी पुण्यास गेलेले. त्या मोटारीत काही फेरफार केला होता असे नव्हे. कारखान्यातून आली तशीच ती प्रचंड ताकदीची होती. परंतु ताकद आणि ती पेलण्याची पात्रता यांत अंतर पडले की काय होते, हे त्या पहाटे दिसले. आमच्या भागातील घरोघरची मुले आज पुण्या-नागपुरास आहेत. प्रश्न विचारणाऱ्या वाचकांचे चिरंजीव जसे कोणाच्या तरी वाटेवर असतील, तसे कोणी तरी त्यांच्याही वाटेवर असेल.

येथवर आम्ही कायद्याची बाजू मांडली. आता कायद्यालाही दोन शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. ज्या जपानात ही हौस फोफावली तेथे 1995 साली फेरफाराचे नियम पुष्कळ सैल करण्यात आले. परंतु त्याचबरोबर ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी तेथे आहे : नव्या खासगी मोटारीस पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी. फेरफार करा, पण परीक्षेला बसा, असा तेथील न्याय. ऑस्ट्रेलियात आपली कितीतरी मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. तेथील मुलांना जुन्या जपानी टर्बो मोटारी सहज मिळतात. तेथे मोठा फेरफार केल्यास मान्यताप्राप्त अभियंत्याकडून तपासून दाखला घ्यावा लागतो. आणि न्यू साउथ वेल्स राज्यात नवशिक्या परवानाधारकाने दर टनामागे 130 किलोवॅटपेक्षा अधिक ताकदीची मोटार चालवावयाची नाही, असा दंडक आहे. म्हणजे तेथे दाराशी पहारेकरी आहे, पण दार आहे. आपल्याकडे हौशी माणसापुरती बव्हंशी भिंतच आहे. भिंत असली की लोक ती चढून जातात, आणि चोरून केलेले काम कोणीच तपासत नाही. 2019 च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला अशा फेरफारांचे निकष ठरविण्याचा अधिकार दिलेला आहे. पुण्यात 1966 पासून वाहन-संशोधनाची नामांकित संस्था, एआरएआय, उभी आहे. परीक्षा घेणारे आपल्याकडे नाहीत असे नाही. सामान्य हौशी तरुणाला त्या परीक्षेस बसता येईल अशी सोपी, स्वस्त वाट मात्र घालून द्यावयास हवी.

तोपर्यंत हौसेने जावे कोठे? आपल्या वऱ्हाड-नागपुराकडील शंकरपटाकडे पाहा. शेताची बंडी निराळी आणि पटाची हलकी छकडी निराळी. बंडीला पटात कोणी जुंपत नाही, आणि पटाची जोडी बाजाराच्या गर्दीतून कोणी उधळीत नाही. या शर्यतींवर 2014 साली न्यायालयाने बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला. डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. शौकीन मंडळींनी नियम पत्करला, म्हणून शौक जगला. मोटारीच्या शर्यतीसाठीही असे पट आहेत : कोइंबतूरचे कारी, चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, ग्रेटर नोइडाचे बुद्ध सर्किट. शर्यतीसाठीच बांधलेली मोटार ट्रकवर लादून तेथे न्यावी आणि हौस फेडून घ्यावी. रस्त्याची मोटार रस्त्यासाठी राहू द्यावी.

आणि दूर कशाला, आपल्याच राज्यात इंदूरजवळ पीथमपूर आहे. 29 जून 2021 रोजी तेथे 11.3 किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा चाचणीमार्ग खुला झाला. आशिया खंडात त्याहून लांब असा मार्ग नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. त्याच पीथमपुरात 2007 पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची ‘बाहा’ स्पर्धा सुरू झाली. मुले खाचखळग्यांतून धावणारी एकट्याने बसावयाची गाडी स्वतः आखतात, स्वतः जोडतात आणि परीक्षकांपुढे ठेवतात. तिचा जो नियम आम्हांस फार आवडला तो असा : सर्वांना इंजिन एकाच जातीचे, दहा अश्वशक्तीचे, आणि त्यास हात लावावयाचा नाही. चुरस लागते ती सांगाड्याच्या मजबुतीत, ब्रेकांत, वजनात, चालकाच्या कसबात. एकाच वृत्तात पन्नास कवींनी कविता लिहावी आणि तरी पहिला कोण हे लगेच कळावे, तशी ही स्पर्धा.

तेव्हा वाचक-पालकांस आमचे उत्तर असे. रिमॅप व मोकळी नळी सार्वजनिक रस्त्यावर कायद्यात बसत नाही, आणि विम्यातही बसत नाही. परंतु चिरंजीवांस केवळ एवढेच लिहून पाठवू नये. यंत्रावर प्रेम करणारा मुलगा हा घरात आलेला दोष नव्हे, गुण आहे. जे पैसे ताकदीवर जावयाचे ते चांगल्या टायरांवर, ब्रेकांवर आणि एखाद्या मान्यताप्राप्त शर्यत-शाळेतील शिक्षणावर खर्च करावयास त्यांना सांगावे. तेथे पहिल्या दिवशी गाडी पळवावयास नव्हे, थांबवावयास शिकवितात. ज्याला थांबविता आले त्याच्याच हाती वेग शोभतो. आणि तो हात तयार झाल्यावर त्याची मोटार कारखान्यातून आली तशीच असली तरी तिला पुरेसा वेग आहे, हे त्याचे त्यालाच उमगेल.